फुटपाथावरची ऊब

पाणसळसाहेब हे नाव त्यांना ठेकेदारांनी दिलं होतं. काचेच्या नळीत बुडबुडा असलेली ती पट्टी, म्हणजे पाणसळ, कायम त्यांच्या खिशात असे, आणि बुडबुडा मध्यावर आला नाही की घातलेली फरशी ते उखडायला लावत. एकदा त्यांनी घरच्या जेवणाच्या टेबलालाही पाणसळ लावून पाहिली. तेव्हापासून बायको त्यांना वाढताना वाटी मुद्दाम काठोकाठ भरायची.

पालिकेचे इंजिनिअर म्हणून घरासमोरचा रस्ता त्यांच्याच हातचा. रुंद, सपाट फुटपाथ, झाडांच्या आळ्यांवर लोखंडी जाळ्या, मधे मधे दिवे, बाक, चाकाच्या खुर्चीसाठी उतार. राहायला सुखाची शहरं निवडणारी समिती आली, तिने हाच रस्ता नावाजला, आणि चौकात शहराच्या कौतुकाची पाटी लागली. लोक तोंडावर म्हणत, "साहेब, शहर सुधारलंत हो!" साहेब म्हणत, "छे छे." मात्र 'छे छे' म्हणून ते लगेच निघत नसत, आणखी कोणी काही म्हणतंय का, याची वाट बघत जरा रेंगाळत.

आणि नेमक्या याच रस्त्यावर त्यांची आई गाडीखाली जाता जाता वाचली.

आईची नजर काचबिंदूने अधू झालेली. तरी रोज संध्याकाळी ती काठी घेऊन एकटी कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत जाई. तिथे तिच्या दोन मैत्रिणी येत आणि तिघी मिळून आपापल्या सुनांची झडती घेत. त्या दिवशी समोरचा केमिस्ट दुकानाची पायरी उतरून साहेबांना आडवा आला.

"साहेब, आजींना आवरा. चालता चालता फुटपाथ सोडून मधेच रस्त्यावर उतरतात. आज गाडीवाल्याने ब्रेक मारला म्हणून, नाहीतर..."

दुसऱ्या दिवशी साहेब केमिस्टच्या काउंटरमागे उभे राहून बघत होते. आई भिंतीच्या कडेने सरळ आली. पलीकडच्या इमारतीच्या फाटकाशी मात्र, समोर काहीतरी असावं तशी वळली, झाडाच्या बाहेरून रस्त्यावर उतरली आणि थोडं पुढे जाऊन पुन्हा वर चढली. तिच्यामागून मोबाइलमध्ये डोकं खुपसलेली एक मुलगी आली. तीही तिथेच वळली. मग बॅगवाला एक गृहस्थ. मग वरच्या मजल्यावरचा नवा भाडेकरू, ज्याने जुना रस्ता कधी पाहिलाही नव्हता. सगळे रिकाम्या फरशीला वळसा घालून रस्त्यावर उतरत होते, आणि गाड्या त्यांच्या कोपराला चाटून जात होत्या. रस्ता गुळगुळीत झाल्यापासून गाड्या तरी कशाला थांबतील?

रिकाम्या फरशीच्या मधोमध एक तांबडा कुत्रा निजला होता. अगदी कशाच्या तरी खाली निजावं तसा, अंग चोरून.

"तिथे आहे काय?" साहेबांनी विचारलं.

"आता काहीच नाही." केमिस्टने औषधांच्या पट्ट्या उगाच सारख्या केल्या. "आधी इस्त्रीवाल्याची गाडी असायची. तुम्हीच उचलायला लावलीत की."

साहेबांना आठवलं. वाद नको म्हणून त्यांनी माणसाची वेळ हेरली होती. इस्त्रीवाला कपडे द्यायला वर गेला आणि इकडे ट्रकने गाडी उचलली. इस्त्रीला दिलेले कपडे चौकीदाराकडे नीट ठेवायला सांगितले होते. आपण किती समजूतदारपणे काम उरकलं, असंच तेव्हा त्यांना वाटलं होतं.

"खाली आला तेव्हा हातात नुसते हँगर," केमिस्ट म्हणाला. "ओरडला नाही, काही नाही. दिवे लागेपर्यंत तिथेच उभा होता. लोक त्याला वळसा घालून जात होते. मग लेकीकडे गेला. पुढे तिकडेच वारला म्हणे."

साहेबांनी तो विषय तिथेच मिटवला आणि कामाचा मार्ग धरला. फुटपाथाच्या कडेला कठडा बसवला. त्याने भलतंच झालं. लोक कठडा सुरू होण्याआधीच रस्त्यावर उतरू लागले, आणि कठडा संपेपर्यंत त्यांना वर चढता येईना. आई अशीच कठड्याच्या बाहेर अडकली. मागून बस भोंगा वाजवत आली. एका रिक्षावाल्याने उतरून तिला अक्षरशः उचलून आत ठेवलं.

घरी सून तिचं खरचटलेलं कोपर धूत होती. साहेब येरझाऱ्या घालत होते.

"अहो, बसा तरी," बायको म्हणाली. "तुमच्या फेऱ्यांनी माझी फरशी झिजेल, मग पुन्हा तुम्हीच पाणसळ काढाल."

"आई, तिथे काहीही नाही. मी स्वतः पाहिलंय."

"मला दिसत नाही म्हणून तू मला शिकवू नकोस," आई म्हणाली. "तिथे वाफ लागते अंगाला. ओल्या कापडावर इस्त्री फिरते ना, तशी."

"तो वारला, आई."

"ठाऊक आहे मला. म्हणून काय त्याने जागा सोडली? तू त्याला उठवलंस, तेव्हा विचारलं होतंस?"

"रीतसर नोटीस लावली होती."

"भिंतीला लावलीस. माणसाला काही बोललास का?"

साहेब येरझाऱ्या घालता घालता थांबले. मग आवाज चढवून म्हणाले, "उद्यापासून तू एकटी बाहेर जायचं नाही."

आई सुनेच्या आवाजाच्या दिशेने वळली. "ऐकलंस? राहायला सुखाचं शहर केलं याने, आणि आईला घरात कोंडतोय. एवढा रस्ता केलास तरी कोणासाठी रे? समितीसाठी?"

साहेब चपला घालून बाहेर पडले. उजेड अजून पुरता गेला नव्हता. पलीकडच्या त्या फाटकाशी येऊन त्यांनी ठरवलं, सरळ जायचं. नाकासमोर. पाय उचलला, आणि तो बाजूलाच पडला. कामात गढलेल्या माणसाच्या अंगावर चालून जायला कसा संकोच वाटतो, तसा संकोच पायात भरला होता. पुन्हा प्रयत्न केला. उजव्या गालावर ऊब आली. कोळशाचा आणि ओल्या सुताचा वास आला. कठड्याला धरून ते उभे राहिले. मग जवळचा एकच खात्रीचा साक्षीदार त्यांनी खिशातून काढला आणि वाकून फरशीवर टेकवला.

बुडबुडा एका टोकाला जाऊन चिकटला. वर वजनदार काहीतरी उभं असावं, तसा. ही फरशी त्यांनी स्वतः तपासली होती.

समोर केमिस्ट दुकानाच्या दारात येऊन उभा होता. उद्या गावभर होणार, हे साहेबांना कळत होतं. तरी त्यांनी घसा खाकरला.

"इस्त्रीवाले," ते रिकाम्या जागेला म्हणाले, "तुम्ही वर गेला होतात तेव्हा मी... तुम्हाला विचारायला हवं होतं. आता विचारतो. जरा त्या झाडाखाली सरकता का? जागा आहे तिथे. भिंतीकडून लोक जातील, तुमचंही चालेल. माझ्या आईला दिसत नाही हो."

एवढं बोलल्यावर त्यांचं त्यांनाच उमगलं की जागा खरोखरच होती. फुटपाथ रुंद करताना झाडांच्या ओळीत दिवे आणि बाक त्यांनीच बसवले होते. तिथे एक इस्त्रीची गाडी सहज मावली असती. आखताना ती त्यांच्या मनात आलीच नव्हती.

काही झालं नाही. एक स्कूटर गेली. साहेबांचे कान तापले.

मग कुत्रा उठला. आळस देत झाडाखाली गेला, जाळीवर स्वतःभोवती फिरला आणि तिथे अंग चोरून पडला.

साहेबांनी पाणसळ पुन्हा टेकवली. बुडबुडा मध्यावर येऊन थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी माणसं लावून कठडा काढून घेतला. संध्याकाळी ते आईच्या मागे थोडं अंतर ठेवून चालले. ती भिंतीच्या कडेने आली, फाटकाशी जराशी थबकली आणि सरळ पुढे गेली. मोबाइलवाली मुलगी सरळ गेली. भाडेकरूही सरळ गेला. फक्त झाडाशी येताच त्याने, कोणाला धक्का लागू नये असा, खांदा आत घेतला.

आई झाडापाशी थांबली. साहेब दोन पावलं पुढे झाले. पण ती उतरली नाही. काठी काखेत धरून तिने नुसती मान झाडाकडे वळवली.

"बरं केलंत हो," ती म्हणाली, "इथे सावलीही आहे." आणि बाकाकडे निघाली.

साहेब मागे राहिले. कुत्र्याने एक डोळा उघडून त्यांच्याकडे पाहिलं आणि मिटला. त्यांनी वाकून जाळीवर हात ठेवला. हवा गार होती, लोखंड मात्र चांगलंच गरम लागलं. बाजूने जाणारे लोक त्यांनाही वळसा घालून जात होते. हात पोळेपर्यंत त्यांनी तो तिथून काढला नाही.