आत्या उत्तर का देत नाही

घरातल्या धाकटीला सगळे प्रश्नपत्रिका म्हणत. आई वैतागून म्हणे, बाबा कौतुकाने, आणि दादा तर ती नुसती येताना दिसली तरी उशीखाली डोकं घाली. आत्या तेवढी कधी कंटाळली नव्हती. शाळेत विज्ञान शिकवण्यात सारी हयात गेल्यामुळे असेल, पण प्रश्न विचारला की पुढ्यात खाऊ यावा तसा तिचा चेहरा खुलायचा.

म्हणूनच गेले काही आठवडे प्रश्नपत्रिकेचं मन थाऱ्यावर नव्हतं. आत्या कधी उत्तर द्यायची, तर कधी जणू शेजारी कुणी नाहीच अशी पुढे बघत राहायची. आत्या आपल्यावर रागावली आहे, अशी तिची खात्रीच होत चालली होती. पण कशाबद्दल? सरळ विचारायचं, तर उत्तर 'हो' आलं तर काय, या भीतीने शब्द ओठांशीच अडायचे.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी दोघी दर वर्षी बाहेर पडत. आधी बागेत रमतगमत फेरी, मग मोठ्या दुकानातला सेल. सेलमध्ये सकाळी माणसं वस्तू कमी घेतात आणि एकमेकांची कोपरं जास्त खातात, असं आत्याचं मत. म्हणून दुकान नेहमी दुपारी. यंदा ती न्यायला येईल की नाही याची धास्ती होती, पण लोकरी टोपी कानांवर ओढून आत्या वेळेवर दारात हजर. रागावलेलं माणूस न्यायला कशाला येईल? प्रश्नपत्रिका चक्रावली. आज याचा छडा लावायचाच, असं तिने ठरवलं.

बागेतली झाडं उघडीबोडकी झाली होती. तळ्याकाठी बर्फाची पातळ साय धरली होती आणि बदकं तिच्यावर खुशाल उभी होती. त्यांचे पाय गारठत कसे नाहीत, असं तिने आत्याच्या समोर उभं राहून विचारलं. आत्या लगेच सुरू झाली. बदकाच्या पायात खाली जाणारं गरम रक्त वर येणाऱ्या गार रक्ताला वाटेतच ऊब देतं, म्हणून पाय गार राहिले तरी अंग गार पडत नाही. हे सांगताना तिने आपले दोन्ही हात एकमेकांवर घासून दाखवले. राग असता तर एवढं समजावलं असतं का?

मग वाट अरुंद झाली. आत्या पुढे, ती मागे. तिने मागून विचारलं, की मग माशांचं काय? आत्या चालतच राहिली. पुन्हा विचारलं. काही नाही. प्रश्नपत्रिकेच्या मनात एक विचार आला. समोरून उत्तर मिळतं, मागून मिळत नाही. राग काय पाठीत असतो?

टोपीचा प्रताप असेल, असं तिला वाटलं. बाकावर बसून संत्री सोलताना आत्याने टोपी काढली, तेव्हा ती मुद्दाम बाकाच्या मागे गेली. डोक्यावरच्या फांदीवर मुठीएवढा पक्षी बारीक शीळ घालत होता. पक्षी म्हणजे आत्याचा जीव की प्राण. पण तिने मान वर केली नाही. तेवढ्यात दूर एक कुत्रा भुंकला, तर आत्या चटकन वळून म्हणाली, केवढा दांडगा असेल गं तो. टोपीचा दोष नव्हता, आणि आत्या बहिरीही नव्हती. मग काय होतं? दुकानापर्यंत प्रश्नपत्रिका तोच एक प्रश्न मनात घोळवत चालली.

दुकानात दुपारची मरगळ होती. अर्ध्या किमतीच्या पाट्या वाकड्या झाल्या होत्या, मोज्यांचा ढीग कुणी तरी उसकटून ठेवला होता. आत्याला स्वयंपाकघरातलं गजराचं घड्याळ हवं होतं. घरातलं मुकं झालंय, परवा भाजी पार करपली, असं ती विक्रेत्या बाईंना सांगत होती. बाईंनी एक पांढरं, इवलंसं घड्याळ लावून दिलं. ते टीं टीं करायला लागलं. आत्या वाट बघत राहिली. मग तिने ते उलटंपालटं केलं आणि म्हणाली, "हेही बिघडलेलंच. सेलचा माल म्हटल्यावर काय."

बाईंनी प्रश्नपत्रिकेकडे पाहिलं. तिने आत्याची बाही धरली.

"आत्या, ते वाजतंय."

आत्या घड्याळाकडे बघतच राहिली. बाई उगाचच मोज्यांच्या घड्या घालू लागल्या.

"म्हणजे घरातलंही वाजतच होतं," आत्या हळूच म्हणाली.

"म्हणजे तू माझ्यावर रागावली नव्हतीस?"

"तुझ्यावर? कशाबद्दल गं?"

मग प्रश्नपत्रिकेने सगळं भडाभडा सांगून टाकलं. मागून विचारलेलं, फांदीवरचा पक्षी, कुत्रा. आत्याने मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी तिने चष्मा पुसला, पुन्हा घातला, आणि तिच्या चेहऱ्यावर तो जुना, खाऊ पुढे आल्यासारखा भाव उमटला, जरासा ओलसर.

"म्हणजे जाड आवाज येतात, बारीक येत नाहीत. तू समोर असलीस की ओठ बघून कळत असणार. डॉक्टर काय ते सांगतीलच. पण कुठपर्यंत येतात, ते आपण आत्ताच बघू. मी या स्टुलावर बसून डोळे मिटते. तू एकेक घड्याळ लाव, ऐकू आलं की हात वर करीन. आणि मला बरं वाटावं म्हणून लबाडी करायची नाही."

मोठ्या घंटेच्या घड्याळाला हात झटकन वर गेला. त्यानंतरच्या पितळी घड्याळाला जरा विचार करून. दोन-चार गिऱ्हाइकं पिशव्या सांभाळत थबकली. मग पांढरं इवलंसं घड्याळ आलं. ते टीं टीं करत राहिलं, आणि आत्याचा हात मांडीवरच राहिला.

"लावलंस का?" आत्याने डोळे मिटूनच विचारलं.

प्रश्नपत्रिकेचा अंगठा बटणावर होता. बंद करून 'अजून नाही' म्हणणं किती सोपं होतं. ती आत्याच्या कानाशी वाकली, आणि जमेल तेवढा आवाज जाड करून म्हणाली, "लावलंय. केव्हाचं वाजतंय."

आत्याने मान हलवली.

"बरं. हे माझ्या पलीकडचं. आता याहून थोडं जाड शोध."