दारापासून ओट्यापर्यंत

सिद्धेश येऊन गेला, हे विभावरीबाईंना मेसेजवरून कळलं. बहिणीचा मुलगा, कंपनीच्या कामासाठी नागपूरहून जबलपूरला आला होता. वेळ काढून रांझीतल्या त्यांच्या घरापर्यंत आला, बेल वाजवत राहिला आणि शेवटी स्टेशनवर गेला. ‘मावशी, घरी नव्हतीस वाटतं. पुढच्या वेळी.’

त्या घरीच होत्या. मागे स्वयंपाकघरात ओट्याशी मेथी निवडत होत्या. ऐकू येणं फारच कमी झालं होतं, आणि कानातलं मशीन लावलं की भांड्यांचे आवाज डोक्यात शिरायचे, म्हणून ते डब्यात पडून असायचं.

त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. सकाळी त्या बाजारातल्या गॅरेजवर गेल्या. जुन्या मोटरसायकलींचे इंडिकेटर ढिगात पडले होते. मेकॅनिक म्हणाला, “ले जाओ दीदी, कबाड़ ही है.”

विभावरीबाईंनी शाळेत विज्ञान शिकवलं होतं, पण हात आता थरथरायचा. एक ट्रान्झिस्टर उलटा बसला आणि जळला. तो काढून दुसरा लावला. जुळणी तशी सोपी होती. एक चिप ठोके देते, दुसरी ते मोजते आणि दर ठोक्याला पुढचा दिवा लावते. बेलचं बटण दाबलं की पिवळा उजेड दारापासून बोळातून ओट्यापर्यंत धावत येईल, अशी त्यांनी दिव्यांची रांग लावली. बटणाच्या वायरी आतूनच जोडून पाहिल्या. दिवे धावले.

मग त्या वाट बघत बसल्या. दूधवाला पिशवी कडीला अडकवून जायचा. पेपर फाटकावरून आत पडायचा. बेल कोणी दाबतच नव्हतं.

एका दुपारी दिवे धावले. त्यांनी हात पुसले, केस सारखे केले, दार उघडलं. बाहेर ऊन आणि झोपलेलं कुत्रं. संध्याकाळी परत तेच. पुढच्या वेळी त्या फ्रिजला टेकून उभ्या होत्या. पाठीला त्याची थरथर सुरू झालेली जाणवली आणि त्याच क्षणी दिवे लागले. फ्रिज चालू झाला की बटणाच्या लांब वायरीत खोटा इशारा शिरत होता.

एक छोटा कपॅसिटर लावला की काम होणार होतं. तरी त्यांनी तो लगेच लावला नाही. कोणी नाही हे माहीत असूनही दिवे लागले की दार उघडून यायच्या. एकदा तशाच उंबरठ्यावर उभ्या असताना त्यांना स्वतःचीच भीती वाटली. आत येऊन त्यांनी कपॅसिटर जोडला. दिवे गप्प झाले.

संध्याकाळी त्या शेजारच्या मेघाकडे गेल्या. ती बँकेत नवीनच बदलून आली होती.

“माझी बेल दाबशील का गं?”

“काहून काकू, बिघडली का?” मेघानं मोठ्यानं विचारलं.

“नाही, चांगली आहे. कोणी दाबूनच नाही राहिलं.”

मेघानं चपला घातल्या.

बाई ओट्याशी जाऊन उभ्या राहिल्या. उजेड आला. त्या जवळजवळ पळतच दाराशी गेल्या.

“दिसले!” त्या म्हणाल्या. “ये ना, चहा ठेवते.”

“आज नाही काकू, काम आहे. पण मला बघू द्या एकदा.”

तिनं परत बटण दाबलं. दोघी उंबरठ्यावर उभ्या राहून ते दिवे रिकाम्या स्वयंपाकघराकडे पळत जाताना बघत राहिल्या. मग मेघाचा फोन वाजला असावा. ती हात हलवून, बोलत बोलत निघून गेली.