तिसरं कडवं

ठिणगी हे नाव मावशीनं ठेवलं होतं. लहानपणी ती कशावरूनही भडकायची आणि तितक्याच पटकन विझायची, म्हणून. वडील कधीचेच निघून गेलेले, आई दूरच्या शहरात नोकरीला. त्यामुळे चार वर्षांची असल्यापासून ती मावशीकडेच वाढली. मावशी कपडे दुरुस्त करून द्यायची. पँट आखूड करणं, चेन बदलणं, उसवलेलं शिवणं. शिलाई मशीन बाहेरच्या खोलीतच होतं आणि त्याच्या आवाजात ठिणगीचं बालपण गेलं.

एकविसाव्या वर्षी ती दिवसा चष्म्याच्या दुकानात काम करायची. फ्रेमचे स्क्रू आवळायचे, काचा पुसायच्या, म्हाताऱ्यांना "आता दिसतंय का?" विचारायचं. दुकान बंद झालं की गिटार पाठीला लावून थेट गाद्यांच्या गोदामात. गोदाम लंबूच्या वडिलांचं, आणि लंबू बेस वाजवायचा. चारी बाजूंना गाद्यांच्या थप्प्या, त्यामुळे ड्रम कितीही बडवले तरी शेजाऱ्यांची तक्रार येत नसे. ड्रम बडवायचा ढोल्या. त्याला हे नाव देहावरून पडलं की कामावरून, हे कुणाला नक्की ठाऊक नव्हतं. गाणी मात्र ठिणगीच लिहायची आणि तीच गायची.

सुरुवातीला बरेच दिवस त्यांना कुणी हिंग लावून विचारलं नाही. एका हॉटेलात वाजवायला गेले, तर मालक म्हणाला, "जरा हळू. गिऱ्हाइकांना ऑर्डर देता येत नाहीये." मग एका कॉलेजच्या कार्यक्रमात ठिणगीनं 'कडी' हे गाणं म्हटलं आणि चित्र पालटलं.

'कडी' हे तिच्याच घरात घडलेलं होतं. सतरा वर्षांची असताना परीक्षेचा पेपर बुडवून ती कुणाच्या तरी बँडबरोबर गिटार वाजवायला गेली होती. दुपारी घरी आली, तोवर मावशीला ते कळलं होतं आणि दाराला आतून कडी. हाका मारल्या, दार बडवलं. आतून नुसता मशीनचा आवाज. बराच वेळ पायरीवर बसून ती मैत्रिणीकडे निघून गेली. दुसऱ्या दिवशी परतली तेव्हा दार उघडं होतं, जेवण वाढलेलं होतं, आणि त्या दुपारचा विषय दोघींनी पुन्हा काढला नाही.

तिसऱ्या कडव्याच्या शेवटी ती ओरडून म्हणायची, "तुझं मशीन थांबलं नाही!" आणि ढोल्या ड्रमवर असा तुटून पडायचा की मुलं उभी राहून तिच्याबरोबर ओरडायची. कुणीतरी मोबाइलवर घेतलेलं ते गाणं गावभर फिरलं.

फिरत फिरत ते मावशीच्या उंबऱ्यापर्यंत आलं. जीन्स आखूड करायला आलेली एक मुलगी मशीनकडे बघून सहज ती ओळ गुणगुणली. "कुणाचं गं हे?" मावशीनं विचारलं, तर पोरीनं कौतुकानं अख्खं गाणं ऐकवलं.

संध्याकाळी ठिणगी घरी आली तेव्हा मावशी भाजी चिरत होती.

"गाणं ऐकलं तुझं."

"कुठलं?"

"दाराचं. चाल चांगली आहे. ओरडतेस जास्त, पण शब्द कळतात." मावशीचा हात थांबला नव्हता. "तिसऱ्या कडव्यात चुकलीस मात्र."

"मी होते ना तिथं. मला आवाज येत होता."

"आवाज होता, खरं आहे. पण मशीनवर कापड नव्हतं."

ठिणगीनं पाठीवरची गिटार उतरवून ठेवली.

"कडी रागानंच लावली, खोटं कशाला बोलू. मग तू हाका मारायला लागलीस आणि मला रडू फुटलं. ते बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून पाय मारत बसले, रिकाम्या मशीनवर. तशा तोंडानं दार कसं उघडू? शेवटी उघडलं, तर तू गेलेली."

"एवढी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कुठं? थेट गाणंच केलंस." मावशीनं विळी बाजूला सारली. "म्हणू नकोस, असं मी म्हणत नाही. गाणं तुझं आहे. घडलं काय, ते तुला माहीत असावं एवढंच."

ठिणगीनं विळी ओढून घेतली आणि उरलेली भाजी चिरली, जाडी-बारीक कशीही.

पुढच्या आठवड्यात एका छोट्या स्टुडिओत रेकॉर्डिंग होतं. ठिणगीनं ओळ बदलून आणली होती: "तुझ्या मशीनवर कापडच नव्हतं."

लंबू वैतागला. "त्या ओळीवर तर पब्लिक उठतं. चालत्या गाड्याला खीळ कशाला घालतेस?"

"ती ओळ खरी नाही, लंबू."

तिनं नवी ओळ जुन्यासारखीच ओरडून पाहिली. कापडाच्या दुकानातलं भांडण वाटलं. स्वतः ठिणगीलाही हसू आलं. सकाळ सगळी त्यातच गेली. शेवटी ढोल्यानं काठ्या मांडीवर ठेवल्या. "ही ओरडायची ओळ नाही. मी इथं थांबतो, तू नुसती सांग."

ड्रम थांबले. तिनं ओळ जवळजवळ बोलल्यासारखी म्हटली. रेकॉर्डिंग करणारा म्हणाला, "अजून एकदा घेऊ. पण असंच."

पुढच्या कार्यक्रमाला मावशी पहिल्यांदाच आली, दोन्ही कानांत कापूस घालून. तिसऱ्या कडव्याला पोरं सवयीनं जुनं ओरडली आणि ड्रम अचानक थांबल्यामुळे उघडी पडली. कुणीतरी फिदीफिदी हसलं. ठिणगीनं त्यांना गप्प होऊ दिलं, मग ओळ म्हटली. मावशीनं एका कानातला कापूस काढला होता. टाळ्या नेहमीपेक्षा कमी पडल्या. लंबूनं "सांगितलं होतं" असं तोंड केलं.

पण ते रेकॉर्डिंग एका जुन्या, नावाजलेल्या बँडच्या गायिकेनं ऐकलं. महिनाभराच्या त्यांच्या दौऱ्यात रोज आमच्या आधी वाजवाल का, म्हणून तिचा फोन आला. बोलता बोलता तिनं विचारलं, "ती मशीनची ओळ कुणी लिहिली?"

"आमच्या मावशीनं," ठिणगी म्हणाली.

चष्म्याच्या दुकानातून रजा मिळाली. दौऱ्याच्या दुसऱ्याच गावात निम्मं सभागृह रिकामं होतं. सामान आवरताना मावशीचा फोन आला.

"माणसं होती का?"

"थोडीच."

"ऐकत होती?"

"हो. अगदी शांत."

"मग झालं तर. आणि पुढचं गाणं शेजारणीवर कर. तिच्याकडे माल भरपूर आहे."

ठिणगी खळखळून हसली. ढोल्या एकटाच स्पीकर गाडीत चढवायला धडपडत होता. तिनं फोन खिशात टाकला आणि स्पीकरचं दुसरं टोक धरलं.