तेवढी जागा सोडून

सांडपाण्याच्या नळांवरच्या ग्रंथाचे दोन जाडजूड खंड फळीच्या बाहेर दोन बोटं आले होते. ग्रंथालयाच्या बाईंनी ते तळव्यानं आत ढकलले. ते जाईनात. आणखी जोर लावला, तरी ते जिथल्या तिथेच. बाई गुडघ्यांवर बसल्या, दोन्ही खंड काढून जमिनीवर ठेवले आणि मागच्या अंधारात हात घातला. बोटांना आधी कापड लागलं, मग नाडी, मग नाडीची गाठ.

गाठ सोडून बघायची गरज नव्हती. ते कापड त्यांनी स्वतः चिकटवलं होतं, ती नाडी त्यांनीच बदलली होती. जुन्या दगडखाणीच्या नकाशांचा संच होता तो. ज्याच्यापायी गेले काही दिवस साऱ्या कॉलेजनं ग्रंथालय डोक्यावर घेतलं होतं, तो हा संच.

पहिल्यांदा त्यांना हायसं वाटलं. हसूसुद्धा आलं. मग ही जागा कुणाची आहे ते आठवलं आणि ते हसू मावळलं.

कॉलेजात लँडस्केप आर्किटेक्चरचा अभ्यासक्रम सुरू झाल्यापासून ही मुलं बाईंच्या वाट्याला आली होती. दर वर्षी नवी मुलं येत, काउंटरवर कोपरं टेकून विचारत, "बाई, लँडस्केपचं कपाट कुठलं?"

"असं कपाट नाही," बाई म्हणत, आणि चष्मा वर सरकवून उठत.

मग त्यांची फेरी सुरू होई. झाडं वनस्पतिशास्त्रात. माती शेतीच्या पुस्तकांत. चढ आणि भिंती स्थापत्याच्या रांगेत. ऊन, सावली, वारा वास्तुकलेत. माणसं बाकावर कुठं बसतात आणि कुठं बसत नाहीत, हे समाजशास्त्रात, वरच्या मजल्यावर. ज्याला बाग करायची त्यानं आधी सगळं ग्रंथालय पायाखाली घालायचं, असं त्या म्हणत, आणि मुलांना धापा टाकायला लावून खाली आणत. मुलं कुरकुरत, पण शेवटच्या वर्षापर्यंत बाईंच्या मागे लागायची सवय त्यांना जडून जाई.

फेरी संपे ती नकाशांच्या कपाटाशी. दगडखाणीचा संच तिथला मानाचा. गावाबाहेरची ती खाण कधीच बंद पडली होती, पण बंद पडण्याआधी कुणा मोजणीदारानं तिचा कण न् कण कागदावर उतरवून ठेवला होता. कुठल्या उतारावरून पाणी येतं, कुठं झरा आहे, कुठलं झाड किती जाड, सगळं. संच एकच, त्याची दुसरी प्रत नाही. स्कॅनरच्या काचेवर त्यातला एकही कागद मावत नसे. आणि यंदा शेवटच्या वर्षाला नेमकी तीच खाण दिली होती. ज्याचा आराखडा पहिला येईल त्याच्याप्रमाणे नगरपालिका खरोखरची बाग करणार होती. सोमवारी आराखडे द्यायचे होते.

संच गायब झाला तेव्हा शेवटचा तो पाहिला होता एका मुलानं. खांद्यावर कायम कापडी झोळी, म्हणून सगळे त्याला झोळीच म्हणत. साहेबांनी, म्हणजे मुख्य ग्रंथपालांनी, त्याला ग्रंथालयात यायची बंदी केली. संच सापडेपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही. बिचारा तेव्हापासून बाहेरच्या पायऱ्यांवर बसून आठवणीनं खाण काढत होता.

आणि साहेबांच्या कानावर ते घातलं होतं बाईंनीच. तो कपाटाशी घुटमळत होता, कागदाची घडी झोळीत टाकताना दिसला, असं त्या म्हणाल्या होत्या. त्यांनी स्वतः काही पाहिलं नव्हतं. पाहिलं होतं चिंगीनं.

चिंगी बाईंच्या बहिणीची मुलगी. आईच्या नोकरीच्या सारख्या बदल्या होत, म्हणून शाळेपासून मावशीकडे राहिली. आता ती लँडस्केपच्या शेवटच्या वर्षाला होती, मावशीपेक्षा वीतभर उंच, तरी नाव चिंगीच राहिलं. लहान असताना शाळा सुटली की ग्रंथालयात यायची आणि नळांच्या कपाटात, त्या दोन खंडांमागे जाऊन बसायची. कपाटाला पाठ नव्हती, मागच्या भिंतीत तुळईमुळे एक खोबण होती, आणि तिला ती आपलं घर म्हणायची. मग बाई तिला शोधायच्या. अगदी मोठमोठ्यानं. "कुठं गेली बरं आमची चिंगी? शेतीत नाही. वनस्पतीत नाही. कुणी नेली तर नाही ना?" सगळीकडे शोधायचं, तेवढी जागा सोडून. खंडांमागून खुदखुद ऐकू आली की खेळ संपायचा. ही जागा त्या दोघींखेरीज कुणालाच ठाऊक नव्हती.

बाईंनी संच बाहेर काढला नाही. तो होता तसा राहू दिला, खंड पुन्हा त्याच्यापुढे लावले, दोन बोटं बाहेरच. मग त्या काउंटरवर जाऊन बसल्या, आणि कुणीतरी काहीतरी विचारत होतं त्याला त्यांनी भलतंच उत्तर दिलं.

संध्याकाळी घरी आल्या तर जेवणाच्या टेबलावर खाण मांडलेली. चिंगी पुठ्ठ्याचे थर कापून एकावर एक चिकटवत होती. चांगलं काम होतं. बाईंना ते चांगलं दिसलं याचाच राग आला. मधोमध, कड्याच्या पायथ्याशी, निळ्या दोऱ्यानं झरा दाखवला होता. बरोबर त्याच जागी.

"सापडला का गं तुझा खजिना?" चिंगीनं मान वर न करता विचारलं.

"नाही."

"तरी मी म्हणत होते. तुझ्या लाडक्या झोळीचंच काम आहे ते."

"लाडका कधीपासून झाला तो?"

"आख्खी दुपार त्याच्याबरोबर बसली होतीस की. झऱ्याचा नकाशा उलगडून. त्याला काय काय सांगत होतीस." चिंगी हसली, पण सुरी पुठ्ठ्यात जरा खोलच गेली. "मला वाटायचं, ते फक्त मला सांगतेस."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पर्स खुंटीला लावली.

"उद्या सकाळी लवकर येशील माझ्याबरोबर? ग्रंथालय उघडायच्या आधी. एकदा दोघी मिळून शोधू."

"सोमवारी सबमिशन आहे, मावशी."

"तुझ्याइतके तिथले कानेकोपरे कुणाला माहीत आहेत?"

सुरी थांबली. मग पुन्हा चालायला लागली.

"बरं," चिंगी म्हणाली. "येते."

बाईंनी मनाशी सगळं ठरवून टाकलं होतं. उद्या ती सरळ जाईल, हात घालेल आणि ओरडेल, अगं बाई, हा बघ कुठं आहे! म्हणू दे चुकून सापडला, म्हणू दे कुणीतरी ठेवला असेल. आपण वेडं व्हायचं, तोंडभर कौतुक करायचं. एवढं खोटं त्या आनंदानं गिळायला तयार होत्या. तिच्या लहानपणी वेड पांघरायचो तसंच आताही पांघरू. पोरगी चुकली, पोरीनं निस्तरलं. त्यांना त्याच्यापेक्षा जास्त काही नको होतं.

सकाळी दोघी आत शिरल्या तेव्हा रांगांमधले दिवेही लागले नव्हते. बाईंनी ते एकेक करून लावले. चिंगीनं बाह्या वर केल्या.

तिनं शोधलं, आणि मन लावून शोधलं. नकाशांचे सगळे खण बाहेर काढून त्यांच्या मागं पाहिलं. वनस्पतिशास्त्रातली मोठी पुस्तकं वाकवून पाहिली. शेतीच्या रांगेत शिडी लावून वरपर्यंत चढली, धुळीनं शिंकली, वरूनच म्हणाली, "इथं नाही गं!" समाजशास्त्राचा मजला पालथा घातला. बाई मागे मागे चालत होत्या. तिचा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. अशाच आवाजात त्या एके काळी म्हणायच्या, शेतीत नाही, वनस्पतीत नाही.

शेवटी नळांची रांग आली. चिंगी तिच्या तोंडाशी थांबली. खाली कोपऱ्यात ते दोन खंड दोन बोटं बाहेर आलेले इथूनही दिसत होते. तिनं हातांची धूळ झटकली.

"इथं कोण कशाला येणार?" ती म्हणाली आणि पुढे गेली.

बाई तिथंच उभ्या राहिल्या. केसानं गळा कापणं म्हणतात ते त्यांनी आजवर फक्त ऐकलं होतं. त्यांच्याच प्रेमानं तिला शिकवलेली जागा, आणि त्यांच्याच तोंडून तिनं साहेबांपर्यंत पोचवलेलं खोटं. यात त्या स्वतः कुठं होत्या? दार उघडून देणाऱ्या, बस्स.

"सगळं बघितलं, मावशी," चिंगी परत येऊन म्हणाली. "इथं नाहीच तो."

"सगळं?"

"सगळं."

बाई चालत दरवाजापाशी गेल्या आणि दार उघडलं. झोळी नेहमीसारखा पायऱ्यांवर बसला होता, मांडीवर कागद, शेजारी खोडरबराचा चुरा.

"आत ये," बाई म्हणाल्या.

"बाई, मला साहेबांनी..." तो गडबडून उठला.

"साहेबांना मी सांगते. माझ्या तोंडून गेलं होतं, माझ्याच तोंडानं परत घेईन. ये."

तो आला. चिंगी काउंटरपाशी उभी होती. त्याला पाहून तिचा चेहरा उतरला, पण बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या नळांच्या रांगेत शिरल्या, गुडघ्यांवर बसल्या, दोन खंड काढले आणि संच बाहेर ओढला. कापडाला भिंतीचा चुना लागला होता. तो त्यांनी पदरानं पुसला.

"बाई!" झोळीचा आवाज चिरकला. "हा इथं कसा आला?"

"माझ्या घरातली चूक आहे," बाई म्हणाल्या. "तुझी नाही. मी तुझं नाव घेतलं, न बघता. ते साहेबांसमोर सांगणार आहे, आणि तुझ्यासमोर आधी सांगते."

मुलगा काय ते समजला. त्यानं चिंगीकडे पाहिलं, आणि लगेच नजर संचाच्या नाडीवर आणली. त्याला बोलायचं बरंच काही असणार. पण सोमवार तोंडावर होता, आणि झरा त्या कापडाच्या आत होता.

तो मोठ्या टेबलाकडे गेला. चिंगी बाईंच्या जवळ आली.

"मावशी, मी परत ठेवणार होते. सोमवारनंतर लगेच." तिचा आवाज बसला होता. "झऱ्याचा नकाशा तू त्याला का दाखवलास? तो आपला होता."

"तुझा कधीच नव्हता तो," बाई म्हणाल्या. "माझाही नाही." आणि त्या टेबलाशी गेल्या.

झोळीनं झऱ्याचा कागद काढून पसरला होता. त्या जुन्या कागदांची खोड अशी की एक टोक धरावं तर दुसरं गुंडाळत येई. म्हणून टेबलाच्या खणात शिशाची वजनं होती, कापडात शिवलेली. पण ती वर्षानुवर्षं बाहेर निघाली नव्हती. लागलीच नव्हती. बाईंनी कागद पसरला की दुसरं टोक चिंगी धरायची, टेबलाशी हात पुरत नव्हता तेव्हा स्टुलावर उभी राहून.

आताही टोक गुंडाळत निघालं, आणि सवयीनंच चिंगी पुढे झाली. तिनं दोन्ही तळवे कागदावर टेकले. कागद सपाट झाला. झोळीनं पेन्सिल उचलली.

बाईंनी खण उघडला. त्यांनी एक वजन काढून कागदाच्या कडेवर ठेवलं, चिंगीच्या डाव्या हाताशेजारी. मग दुसरं, उजव्या हाताशेजारी.

"सोड आता," त्या म्हणाल्या.

चिंगीनं हात उचलले. कागद जागचा हलला नाही.