माफ केलेलं कर्ज

आर्याला शिक्षणासाठी कर्ज मिळणार नाही, हे चंद्रहासला कळलं तो बायकोच्या, मनोरमाच्या, वर्षश्राद्धानंतरचा पहिला सोमवार होता. साल दोन हजार नऊ.

"कर्जांच्या नोंदीत तुमच्या नावापुढे 'सेटल्ड' असं आलंय," बँकेतला अधिकारी म्हणाला. "जामीनदार वडील असे असतील तर मुलीला कर्ज कसं देणार?"

"पण ते कर्ज मिटलंय, साहेब! बँकेनेच माफ केलं!"

मनोरमाच्या आजारपणात हॉस्पिटलचं बिल चंद्रहासने क्रेडिट कार्डावर भरलं होतं. आजार लांबला, पैसे थकले. तिच्या तेराव्याला पंगत बसलेली असताना वसुलीवाले दारात आले आणि आरडाओरडा करू लागले. नंतर कार्डाच्या बँकेतून फोन आला : निम्मे भरा, बाकी सोडून देतो. घरातलं माणूस गेलं म्हणून त्यांना दया आली, असं चंद्रहासला वाटलं, आणि त्याने निम्मे भरून टाकले. वर्षभर तो सगळ्यांना सांगत होता, "बँकेतही माणसं असतात हो."

आर्याला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. आईची शुश्रूषा करतानाच तिने ते ठरवलं होतं. फी शनिवारपर्यंत भरायची होती.

चंद्रहासने ओळखीपाळखीच्या सगळ्यांना विचारलं. शेवटी नालासोपाऱ्यात उमंग नावाचा एजंट भेटला. "काका, टेन्शन नको. चार दिवसांत तुमचं नाव धुऊन देतो. फक्त पैसे आधी."

चंद्रहासने कपाटातून मनोरमाच्या पाटल्या काढल्या. त्या तिने आर्यासाठी ठेवल्या होत्या. तो मनवेलपाड्यातल्या घराचा जिना उतरत होता, तेवढ्यात मनोरमाची मैत्रीण बेटी समोर आली. मनोरमा आणि ती एकाच पतपेढीत कामाला होत्या. आर्यासाठी वाडीतली केळी घेऊन ती वसईहून आली होती.

"कुठे निघालात, भाऊ? तोंड असं का उतरलंय?"

चंद्रहासने सगळं सांगितलं. बेटीने पिशवी पायरीवर ठेवली.

"नाव धुऊन देतो म्हणाला? अहो, पापं धुवायला आमच्याकडे फादर आहेत. तेसुद्धा आधी कबूल करायला लावतात. आणि पैसे घेत नाहीत!"

"चेष्टा करू नका, बेटीताई. पोरीचं वर्ष जातंय."

"म्हणून तर बोलतेय! बँकेने तुम्हाला माफ केलेलं नाही. 'पूर्ण फेडलं नाही' असं लिहून ठेवलंय. खरी नोंद कुठलाच एजंट पुसू शकत नाही. ती चुकीची असेल तर तुम्हीच अर्ज करून दुरुस्त करून घ्यायची, आणि खरी असेल तर उरलेले पैसे भरायचे. कार्डाच्या बँकेत जा, हप्ते मागा, शेवटी फेडल्याचं पत्र घ्या. अडलं तर कर्जदारांना फुकट सल्ला देणारी केंद्रं आहेत, तिथे मी बरोबर येईन. मनोरमाने आयुष्यभर लोकांना हेच सांगितलं. तुम्हाला कधी नाही का सांगितलं?"

चंद्रहास पायरीवर बसला. "ती सांगायची. मी म्हणायचो, तू आहेस ना."

बेटीने केळ्यांची पिशवी उचलून त्याच्या हातात दिली. मग म्हणाली, "पाटल्या वर ठेवून या."

दुसऱ्या दिवशी दोघं कार्डाच्या बँकेत गेली. बँकेने हप्ते बांधून दिले. पण नोंद बदलायची ती शेवटच्या हप्त्यानंतर. शनिवार गेला, आणि प्रवेशही!

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवताना आर्या म्हणाली, "बाबा, पुढच्या वर्षी परत फॉर्म भरीन. पण आता बँकेचा प्रत्येक कागद मला दाखवायचा."

"दाखवीन," चंद्रहास म्हणाला.

वाचकहो, दुःखात माणूस दारात आलेली कुठलीही सवलत दया समजतो. तसं समजू नका. बँक पैसे सोडते तेव्हा ती काय लिहून ठेवते, हे आधी विचारा. जाणत्या माणसाकडे लाज सोडून जा, आणि नाव धुऊन देणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

हे लिहिताना दोन हजार नऊ संपत आलंय. पाटल्या कपाटात आहेत. हप्ते चालू आहेत. चंद्रहासच्या नावापुढचा तो शब्द अजून गेलेला नाही, आणि आर्याचा प्रवेश अजून व्हायचा आहे.