धर्मपालच्या नावाची यंत्रं

"लेबलांवर जाऊ नको वं प्रमोदिनी," धर्मपाल डब्याचं झाकण काढत म्हणाला. "वापराच्या नोंदी घे. कोन कधी मशीनवर आलं, काय चालवलं, सगळं राह्यते त्याच्यात."

"सरले खर्चाचा तक्ता शुक्रवारी पाह्यजे, दादा. त्या नोंदी निवडता निवडता महिना जाईन माझा."

"मंग सांग त्याले तसं. काहून येवढी घाई करून राह्यला तो?"

प्रमोदिनीने हसून आपला डबा उघडला. सुशील सरांना असं सांगायची हिंमत नव्या रायपूरच्या त्या ऑफिसात कुणाचीच नव्हती.

गावोगावच्या दवाखान्यांची नोंदणी ते ऑफिस चालवायचं, आणि त्यासाठी लागणारी संगणक यंत्रं एका दूरच्या कंपनीच्या क्लाउडवर भाड्याने घेतलेली होती. क्लाउड म्हणजे ढग, एवढं प्रमोदिनीच्या आईला समजलं होतं. ढगाला भाडं कसलं, हे मात्र तिला अजून पटलेलं नव्हतं. ते भाडं गेल्या काही महिन्यांत वाढत सुटलं, तेव्हा सरांनी प्रमोदिनीला बोलावलं आणि खर्च कोण करतंय ते शोधायला सांगितलं.

कंपनीच्या बिलात रक्कम अचूक असायची, पण यंत्र कुणी लावलं हे बिल सांगत नसे. वापराच्या नोंदी सगळं सांगत, पण त्यांचा पसारा एवढा की माणूस त्यात हरवून जावा. राहिली लेबलं. प्रत्येक यंत्रावर जबाबदार माणसाच्या नावाचं लेबल असे, आणि बिलाला ती जोडली की तासाभरात तक्ता तयार. डबे आवरून झाल्यावर तिने लेबलं उघडली. निम्म्याहून जास्त यंत्रांवर एकच नाव होतं. धर्मपाल.

म्हणून नको म्हणत होते तर, तिच्या मनात आलं. या माणसाने तिला काम शिकवलं होतं. शहरातून येणाऱ्या बसमध्ये तो रोज तिच्यासाठी खिडकीची जागा धरायचा. तो दोन खुर्च्या सोडून बसला होता, सरळ विचारता आलं असतं. तिने विचारलं नाही. संशय आला की माणसाला विचारायची लाज वाटते, आणि संशय मात्र खुशाल घेता येतो.

शुक्रवारी सुशील सरांनी तक्ता भिंतीवर लावला.

"धर्मपालजी, ये सब आपका है?"

धर्मपालने उठून तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. मग त्याने प्रमोदिनीकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"नाम तो मेरा ही है, सर," तो म्हणाला आणि खाली बसला.

पुढच्याच आठवड्यात त्याला सिलतऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत पाठवलं. तिथल्या एका लोखंडाच्या कारखान्याचे संगणक ऑफिसकडे होते, ते सांभाळायला. बढती नाही, शिक्षाही नाही, असं सर म्हणाले. जाताना त्याने टेबलावरचा पाण्याचा तांब्या तेवढा पिशवीत घातला.

भाडं कमी झालं नाही. तेव्हा कुठे प्रमोदिनीने वापराच्या नोंदी उघडल्या, आणि हळूहळू तिला उलगडा झाला. ऑफिसात नवीन यंत्र कुणी मुळापासून मांडतच नसे. धर्मपालने मांडलेलं पहिलं यंत्र घ्यायचं, त्याची नक्कल करायची आणि कामाला लागायचं. नकलेबरोबर त्याचं लेबलही यायचं, आणि ते बदलायची तसदी कुणी घेत नसे. विनाकारण चालू राहिलेल्या यंत्रांमध्ये ऑफिसातल्याच राधिकाची होती, गौतमची होती. सगळ्यांत महागडं यंत्र चाचणीसाठी लावून विसरलेली बाई प्रमोदिनी स्वतः होती.

ती सरांकडे गेली, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "अब ऑर्डर तो निकल गया ना," ते म्हणाले. "और वहाँ भी आदमी चाहिए था."

तिने धर्मपालला फोन लावला. पलीकडे कारखान्याची धडधड होती.

"दादा, माझं चुकलं. ते मशीन माझंच होतं. तुम्ही त्या दिवशी काहून नाही बोलले?"

"काय बोलू? नक्कल मारायची सवय म्याच लावली ना तुमाले. लेबल बदलवा म्हनून कधी बोललो नाही. तू विचारलं असतं, तर सांगितलं असतं वं."

प्रमोदिनीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"एक काम कर," तो म्हणाला. "माझं नाव काढून टाक तिथून. सगळ्याईवरून. आता नको ठेवू."

"हव, दादा."

दुपारभर ती लेबलं बदलत बसली. राधिकाचं नाव राधिकाच्या यंत्रावर, गौतमचं गौतमच्या, आपलं आपल्यावर. शेवटी एकच यंत्र उरलं. सगळ्यांनी ज्याची नक्कल केली ते, दवाखान्यांची नोंदणी सांभाळणारं, एवढ्या वर्षांत एकदाही बंद न पडलेलं. धर्मपालचं खरोखरीचं असं ते एवढंच.

प्रमोदिनीने त्यावरचं नाव पुसलं. तिथे स्वतःचं लिहायचा तिला धीर झाला नाही. ती जागा तिने रिकामीच ठेवली.