गुणाजीची कवळी

गुणाजीनं कवळी बसवून घेतली तेव्हा आमच्या अख्ख्या मजल्याची करमणूक झाली. लालबागच्या आमच्या चाळीत बोळकी तोंडं काही कमी नव्हती. मिश्री घासून घासून चाळिशीतच माणसांच्या हिरड्या रिकाम्या व्हायच्या, आणि उरलेला जन्म भाकरी कालवणात भिजवून काढायचा. विकतचे दात म्हणजे शेटलोकांची चैन, असाच सगळ्यांचा समज. पण गुणाजीला बोलायचं होतं. गिरणीच्या दाराशी घोषणा द्यायला तो सगळ्यांत पुढे असायचा, आणि वरचे दात गेल्यापासून त्याच्या 'झालाच पाहिजे'मधून नुसती हवा निघायची. पोरं हसायची. तोही हसून न्यायचा, पण त्याला ते लागायचं. मी त्याच्या शेजारच्या खोलीतला शामराव, त्याच्याच खात्यातला विणकर. माझ्यापासून काय लपणार होतं?

शेवटी गिरगावातल्या एका डॉक्टरकडून त्यानं वरची पूर्ण कवळी करून घेतली. ती घालून तो पहिल्यांदा गॅलरीत आला तेव्हा लग्नातल्या नवऱ्यासारखा तोंड मिटून उभा होता. मग एकदम घोषणा दिली, खणखणीत. खालच्या मजल्यावरून लोक वर बघायला लागले.

कवळी घालायचा गुणाजी, पण तिची मालकीण त्याची बायको सुभद्रा. रात्री तो ती काढून द्यायचा आणि ती मोरीत बसायची. पुढ्यात पाण्यानं भरलेलं पातेलं. हातातून सटकली तर फरशीवर न पडता पाण्यात पडावी म्हणून. अंगाचा साबण, मऊ ब्रश, साधं पाणी. एकेक दात मागून पुढून घासायचा, टाळूला टेकणारा भाग बोटानं चोळून बघायचा. मग काचेच्या पेल्यात पाणी घालून त्यात कवळी सोडायची आणि वर बशी ठेवायची, झुरळं जाऊ नयेत म्हणून. सुकली तर बिघडते, असं डॉक्टरनं बजावलं होतं. गरम पाण्याचं त्यानं काही सांगितलं नसेल, किंवा सांगितलं असेल आणि गुणाजी विसरला असेल. आता ते कुणाला विचारणार?

गुणाजीची म्हातारी आई, रखमाय, त्या पेल्याकडे बघायचीसुद्धा नाही. "माज्या झिलाचे दात पाण्यात बुडवून ठेवल्यान," म्हणायची आणि भिंतीकडे तोंड करून झोपायची.

त्या वर्षी संक्रांतीला गुणाजीनं जरा जास्तच केलं. नवे दात म्हणून दिसेल त्या घरी तिळगूळ चावला. वड्या चिक्कीच्या, पाक चांगला कडक. रात्री कवळी काढली तर आतून बाहेरून गूळ चिकटलेला आणि दातांच्या फटींत तीळ बसलेले. सुभद्रेनं साबणानं धुतली, ब्रशनं घासली, पण तो गूळ काही सुटेना. एक-दोन दिवस तसेच गेले.

मग रेडिओवर ती बातमी आली. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, केंद्र सरकारच्या ताब्यात जाणार. दुसऱ्या दिवसापासून गिरणगाव पेटलं. गिरण्या बंद, रस्त्यावर दगड, कोपऱ्याकोपऱ्यावर बंदुकीवाले पोलीस. आमची माणसं हातात वीटसुद्धा न घेता मेली, आणि सरकार म्हणत होतं की जमाव हिंसक होता. ते आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

गुणाजी त्या पहिल्याच सकाळी बाहेर पडला तो दात न घालताच. माझ्या दारावरून जाताना मी विचारलं, "काय रे, आज तोफ घरीच?" तो नुसता हात हलवून जिना उतरला. चालताबोलता गुणाजी मी पाहिला तो तेव्हाच शेवटचा. संध्याकाळी गोळीबार झाला. गुणाजी परत आला नाही.

आम्ही चौक्या पालथ्या घातल्या. पोलिसांनी शेकड्यांनी माणसं धरली होती, आणि कुणाला कुठे कोंडलंय हे त्यांचं त्यांनाच माहीत नव्हतं. कर्फ्यू जरा सैल झाला की मी निघायचो. इस्पितळांत जखमी बघितले. शेवटी एका इस्पितळाच्या मुडदेघरात शिरलो, कारण दुसरं काही उरलं नव्हतं.

तिथल्या माणसानं एका प्रेतावरची चादर वर केली. गोळी डोळ्याच्या बाजूनं लागली होती. चेहरा म्हणावा असं काही राहिलंच नव्हतं, आणि उरलेलं सुजून काळं पडलं होतं. अंगात निळ्या पट्ट्यांचा सदरा. गुणाजीचा तसाच होता. पण माझ्याही अंगात तसाच होता. गिरणीतून फेंटाचं, उरल्यासुरल्या तुकड्यांचं कापड स्वस्तात मिळालं की अख्खी चाळ एकाच कापडाचे सदरे शिवायची. हात विणकराचे, ते तर लालबागात हजारोंचे. ओठ बाजूला करून बघितलं तर वरची हिरडी मोकळी. मी म्हटलं ना, बोळकी तोंडं कमी नव्हती.

"तुमचाच का?" त्या माणसानं विचारलं.

"सांगता येत नाही."

"संध्याकाळी गाडी येणार आहे. बेवारशी घेऊन जाणार आणि तिकडेच जाळून टाकणार. मग सांगून उपयोग नाही."

तेव्हा मला ती युक्ती सुचली. एकाची कवळी दुसऱ्याला बसत नाही. डॉक्टरनं मेणाचा ठसा घेऊन घेऊन गुणाजीची कवळी केली होती. बसली तर गुणाजी, नाही बसली तर नाही.

मी धावत चाळीत आलो. रखमायला म्हटलं, चौकीत ओळख पटवायला त्याची एखादी वस्तू हवी. सुभद्रेला गॅलरीत बोलावून खरं सांगितलं. ती यायला निघाली होती, पण मीच नको म्हटलं. ते बायकांनी बघण्यासारखं नव्हतं. तिनं पेल्यातून कवळी काढली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि पितळेच्या डबीत घालून माझ्या हातात दिली. "सुकाक देव नका हां," एवढंच म्हणाली.

त्या मुडदेघरात मी काय केलं ते इथं सगळं लिहीत नाही. त्या माणसानं जबडा धरला आणि मी कवळी आत सरकवली. नाही बसली. दाबून पाहिलं, काढून पुन्हा घातली. एका बाजूला टेकायची आणि दुसऱ्या बाजूनं उचलली जायची. मी घामानं थबथबलो होतो. तो माणूस म्हणाला, "तुमचा नाही हा. सोडा." आणि खरं सांगतो, त्या प्रेतासमोर उभं राहून मला हसू आलं. इतका आनंद मला माझ्या पोराच्या जन्माच्या वेळीही झाला नव्हता. कुणाचा तरी बाप तिथं पडला होता आणि मी कवळी फडक्यात गुंडाळून जवळजवळ नाचत बाहेर पडलो.

चाळीचा जिना मी धापा टाकत चढलो. "रखमाय, गुणाजी नाही तो! इस्पितळात एक होता, पण आपला नाही. आपला कुठल्या तरी कोठडीत बसला असणार."

म्हातारीला आधीच संशय आला असणार, कारण तिनं 'इस्पितळात कशाला' असं विचारलंच नाही. ती उठली, भिंतीला धरून देव्हाऱ्यापर्यंत गेली आणि हात जोडले. "माका म्हायत होता. माजो झील असो जावचो नाय." मग डबा उघडून संक्रांतीची उरलेली वडी माझ्या तोंडाशी धरली. "घे रे शामराव, तोंड गोड कर." शेजारीपाजारी दारात जमले. कुणी तरी चहाचं आधण ठेवलं. किती दिवसांनी त्या खोलीत माणसं मोठ्यानं बोलत होती.

सुभद्रा तेवढी त्यांच्यात थांबली नाही. डबी हातात घेऊन ती मला गॅलरीच्या टोकाला घेऊन गेली.

"भावजी, बसली नाय म्हणजे काय झाला? खय अडत होती?"

"अडत होती हे खरं. जाऊ दे ना वहिनी, झालं ते."

"खय? कुठल्या बाजूक? सांगा माका."

मी जरा आठवून सांगितलं. उजव्या बाजूला आधी टेकायची, खोल रुतायची, आणि डाव्या बाजूनं वर उचलली जायची. कितीही दाबलं तरी डावी बाजू काही खाली बसेना.

ती कठड्याला धरून खाली बसली. मला वाटलं, चक्कर आली असेल.

"त्या सकाळी ह्यांच्या तोंडात पण अशीच झाली," ती म्हणाली. "'उजवीकडे टोचता, डावीकडे उचालता,' असाच म्हणाले. माझ्यावर खेकसले, काढून पेल्यात टाकली आणि तसेच गेले."

"पण का? इतके दिवस तर नीट बसत होती."

"गूळ सुटत नव्हतो. आदल्या राती पाकाच्या टोपावर ओततत तसा कढत पाणी ओतलंय मी." तिनं डबी उघडली, कवळी उजेडाकडे धरली. मलाही दिसलं मग. एका बाजूनं ती पिळल्यासारखी वाकडी झाली होती, उन्हात ठेवलेल्या फणीसारखी.

माझ्या तोंडात अजून ती वडी होती. ती थुंकून टाकावी की गिळावी, हेच कळेना. मुडदेघरात ज्याला ती कवळी बसली नाही तो गुणाजीच होता; त्या सकाळीही त्याला ती अगदी त्याच जागी बसली नव्हती. दुसरा कुणी असता तर ती कुठे तरी निराळीच अडली असती. आत म्हातारी कुणाला तरी सांगत होती की गुणाजी सुटून आला की सत्यनारायण घालायचा.

सुभद्रेनं आतल्या आवाजाकडे कान दिले. माझ्या मनात आलं, ही आता गप्प राहिली तरी चालेल. कुणाला काय कळणार? म्हातारी आशेवर आणखी दोन वर्षं जगेल, हिच्या कपाळावरचं कुंकूही राहील. खोटं कशाला बोलू, मला तर वाटत होतं तिनं गप्पच राहावं.

"गाडी कधी येता म्हणालात?"

"संध्याकाळी."

"मग जावा, भावजी. बेवारशी जाळूक देव नका त्यांका."

पण तिनं मला लगेच सोडलं नाही. कवळी घेऊन ती मोरीत गेली. पुढ्यात पातेलं ठेवलं, त्यात गार पाणी ओतलं, साबण लावला आणि मऊ ब्रशनं एकेक दात घासायला लागली, मागून, पुढून. मी दारात ताटकळत उभा. "वहिनी, उशीर होईल," मी म्हटलं. तिनं टाळूकडचा भाग बोटानं चोळून बघितला, पुन्हा पाण्यात बुडवला आणि कवळी फडक्यात गुंडाळून माझ्याकडे दिली.

"तोंडात बसायची नाय," ती म्हणाली. "त्यांच्या हातात द्या."

"आणि रखमायला?"

"आयेक मी सांगतंय."

मी चप्पल घातली. रखमायनं आतून हाक मारली, "शामराव, चौकीत जातस तर त्येका सांग, आये वाट बघता." मी मान हलवली. सुभद्रा आत गेली आणि तिनं शेजाऱ्यांना हळूच बाहेर काढलं. मग दार लोटून घेतलं. मी जिना उतरत होतो तोवर काहीच ऐकू आलं नाही. रस्त्यावर आलो तेव्हा म्हातारीचा आवाज आला.